खबर, आवई, गप आणि ‘फेक न्यूज’ : मल्हाररावांच्या खटल्याच्या निमित्ताने

‘फेक न्यूज’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. पण वापरणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट म्हणायची असते का, हे एकदा तपासून पाहायला हवं. आमच्या गोत्रीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असा मेसेज येतो आणि तो मागच्या वर्षीचा निघतो, त्याला आम्ही फेक न्यूज म्हणतो. कोणीतरी मुद्दाम जोडकाम करून बनवलेला फोटो, तोही फेक न्यूज. वर्तमानपत्रात आकडा चुकला, फेक न्यूज. एखादी बातमी खरीच आहे, पण आपल्या आवडत्या पुढाऱ्याला अडचणीची आहे, तर तीही फेक न्यूज. शिळी माहिती, बनावट वस्तू, चूक आणि नावडतं सत्य अशा चार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या गेल्या आहेत.

माझा पेशा इंजिनिअरचा. आमच्याकडे मोजमाप चुकलं, उपकरण बिघडलं आणि कोणी खोटी नोंद केली, या तिन्हींना एकच शब्द वापरला तर दुरुस्ती कुठे करायची तेच कळणार नाही. उपकरण बदलायचं की माणूस? इतिहासातही तसंच आहे. म्हणून या लेखात शब्दांचा माग काढायचा आहे, आणि त्यासाठी बडोद्याइतकी सोयीची जागा नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात ‘खबर’ या एका शब्दावर एका महाराजांची गादी गेली.

आधी घरातले शब्द पाहू. आपण बडोदेकर मराठी माणसं दोन भाषांत राहतो, त्यामुळे एक गंमत आपल्याला चटकन कळते. पुण्याहून आलेला पाहुणा शेजारच्या गुजराती काकांना सांगतो, ‘काल तुमच्या मुलाशी खूप गप्पा मारल्या’, आणि काका जरा चमकतात. मराठीत गप्पा म्हणजे निरुपद्रवी बोलणं. गुजरातीत ‘गप’ म्हणजे थाप, आणि ‘गपगोळा’ म्हणजे तर सरळसरळ फेकाफेक. हाच शब्द इंग्रज साहेबांनीही उचलला. हिंदुस्थानी इंग्रजीच्या प्रसिद्ध ‘हॉबसन-जॉबसन’ या कोशात (१८८६) तो ‘गप’ म्हणूनच सापडतो, आणि ‘बाजारगप’ हा साहेबांच्या पत्रांतला नेहमीचा शब्द होता. बाजारात जे बोललं जातं ते ऐकून घ्यायचं, पण मोलाचं मानायचं नाही, असा त्याचा रोख. प्रत्यक्षात साहेब लोक ते मोलाचं मानायचे की नाही, ते पुढे येईलच.

मराठीत यासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. ‘अफवा’ अरबीतून आला. मूळ ‘अफ्वाह’ म्हणजे तोंडं, अनेकवचन. म्हणजे जिला अनेक तोंडं आहेत पण धरता येईल असं एकही तोंड नाही, ती अफवा. ‘आवई’ उठते. तिच्यात घाबरवणं आहे, शत्रू आला, धरण फुटलं, पळा. ‘हूल’ दिली जाते किंवा उठवली जाते. तिच्यामागे डावपेच असतो, समोरच्याला चुकीच्या दिशेला पळवायचं असतं. ‘कंड्या’ पिकवल्या जातात, म्हणजे पिकवणारा कोणीतरी आहे. ‘पुडी’ सोडली जाते, बहुधा कुणाची तरी प्रतिक्रिया अजमावायला. ‘भुमका’ नुसती गुणगुणत असते. ‘वदंता’ मात्र तटस्थ आहे. लोक असं म्हणतात एवढंच ती सांगते, खरं असेलही. आणि ‘थाप’ समोरासमोर मारली जाते, मारणाऱ्याचा चेहरा दिसत असतो.

या शब्दांकडे नीट पाहिलं तर एक लक्षात येतं. खरं की खोटं, एवढ्याच कसोटीवर ते उभे नाहीत. प्रत्येक शब्द साखळीतली वेगळी जागा दाखवतो. कंडी बनवणाऱ्याकडे बोट दाखवते, हूल हेतूकडे, आवई परिणामाकडे, अफवा प्रवासाकडे. ‘फेक न्यूज’ म्हटलं की ही सगळी बोटं एकदम खाली पडतात.

‘बातमी’ हा शब्दही पूर्वी आजच्यासारखा साधा नव्हता. बातमीदार म्हणजे हेर. बातमी काढायची, राखायची, विकायचीसुद्धा. दरबारांतले वकील आपल्या धन्याला जी ‘अखबारे’ पाठवत (खबर या शब्दाचंच ते अनेकवचन), ती छापील वर्तमानपत्रं नव्हती. ती गुप्त वार्तापत्रं होती. तेव्हा बातमी ही मुळात कोणाच्या तरी कामाची वस्तू होती, सर्वांसाठी नव्हे.

बनावटीचे दोन जुने मराठी दाखले सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. पानिपतानंतर (१४ जानेवारी १७६१) सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची वदंता वर्षानुवर्षं टिकली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मरेपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. त्या वदंतेच्या जमिनीवर तोतया उगवला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठं बंड उभं केलं आणि त्याच वर्षाअखेरीस पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरचंच. इथे बनावट माणूस आणि खरी आशा यांची गाठ पडली होती. आशा नसती तर तोतयाला कोणी विचारलं नसतं. दुसरा दाखला ‘ध चा मा’. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही कथा मराठीत वाक्प्रचार होऊन बसली. पण खाडाखोड केलेला तो मूळ कागद काही इतिहासकारांसमोर आलेला नाही. म्हणजे बनावट दस्तऐवजाचं आपलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वतःच ऐकीव आहे! मला ही गोष्ट नेहमी मजेशीर वाटते.

आता बडोदा. मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये, थोरले भाऊ खंडेराव वारल्यावर गादीवर आले. त्यांच्याबद्दल शहरात जे बोललं जाई त्यातलं बरंचसं आज ऐकलं तर फेक न्यूजच वाटेल. भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून यांनी सोन्याच्या केल्या, हे त्यातलंच. पण ते खरं आहे. खंडेरावांनी मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा करवला, हेही खरं. तो गालिचा २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला. आपल्या शहरात खोटं ओळखायला ‘अतिशयोक्त वाटतं’ ही कसोटी चालत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

१८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले. महाराजांच्या कारभाराबद्दल त्यांच्याकडे तक्रारींचा ढीग लागला. त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या, यात शंका घ्यायचं कारण नाही. त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं. पुढे महाराजांना १८७५ अखेरपर्यंत सुधारणेची मुदत मिळाली. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले होते, आणि त्यांचं व फेअरचं पटत नव्हतं. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता लिहून फेअरना बदलण्याची मागणी केली.

बरोबर आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअर नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत प्यायले. दोनतीन घोट घेतल्यावर चव वेगळी लागली, उरलेलं फेकून दिलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनी तपासलं, त्यात संखिया, म्हणजे आर्सेनिक, सापडला. आणि हिऱ्याची पूड. ही हिऱ्याची पूड पुढे फार गाजली. हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो ही समजूत आपल्याकडे जुनी आहे, पोथ्यापुराणांत आणि आज्यांच्या गोष्टींत ती आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा हे विष नाही. म्हणजे संखिया हा पुरावा होता आणि हिरा ही समजूत होती. पण ऐकणाऱ्यांच्या मनात ‘राजा’ कोणी उभा केला असेल तर तो हिऱ्याने. संखिया कोणाच्याही घरात मिळतो, हिरे कोणाकडे असतात?

तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले. रेसिडेन्सीतले नोकर रावजी आणि नरसू जमादार यांनी कबुल्या दिल्या. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत बडोद्यात चौकशी आयोग चालला.

आता आरोप नेमके काय होते ते पाहा, कारण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. विषप्रयोग हा आरोप शेवटी येतो. आधीचे आरोप असे की महाराजांनी रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधलं, त्यांना पैसे चारले, आणि त्यांच्याकरवी रेसिडेंटच्या गोष्टींची माहिती काढली. म्हणजे आरोप मुळात ‘खबर काढल्या’चा आहे. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॅम्पातल्या रेसिडेन्सीत बसून फेअर काय करत होते? तेही खबरच काढत होते. दरबारात काय शिजतं हे सांगणारी त्यांची स्वतःची माणसं होती, आणि असंतुष्ट मंडळींची रेसिडेन्सीत रीघ असे. राजवाड्याकडे गेलेली खबर म्हणजे हेरगिरी, रेसिडेन्सीकडे आलेली खबर म्हणजे माहिती. वस्तू एकच, दोन दारांतून गेली की तिची दोन नावं होतात. बाजारगपेला मोल नसतं म्हणणाऱ्या साहेबांचं दफ्तर अर्धं तिच्यावरच चालत होतं, हे या खटल्याने उघड केलं.

महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. त्यांनी उलटतपासणीत याच जागी घाव घातला. ही साक्ष कोणाकडून कोणाकडे कशी पोचली, कबुली देणारा तेव्हा कोणाच्या ताब्यात होता, त्याला काय आश्वासन मिळालं होतं, हे ते विचारत राहिले. आजच्या भाषेत ते मूळ मेसेज कोणाचा ते शोधत होते. खटला वाचताना मला वाटतं, त्यांना रसायनशास्त्रापेक्षा साखळीत जास्त रस होता, आणि ते बरोबर होतं.

आयोगात सहा जण होते. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, बंगालचे सरन्यायाधीश. त्यांच्यासोबत सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध धरले. तिघा हिंदी सदस्यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध धरला नाही. तीन विरुद्ध तीन. तेच साक्षीदार, तेच कागद, तीच खोली, आणि सत्य बरोबर मधून फाटलं.

मग सरकारने काय केलं? १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात सांगितलं की आम्ही हा निर्णय चौकशीच्या निकालावर आधारत नाही. महाराजांचं सर्वश्रुत गैरवर्तन, राज्याचा अंदाधुंद कारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता यांवरून त्यांना पदच्युत करत आहोत. ‘सर्वश्रुत’ या शब्दापाशी जरा थांबा. सर्वांनी ऐकलेलं. सरबतातलं विष पुराव्याने सिद्ध झालं नाही, तेव्हा सर्वांनी ऐकलेली कीर्ती कामाला आली. अंदाधुंदी खोटी होती असं मी म्हणत नाही. मीड मंडळाने तिची रीतसर चौकशी केली होती. पण एका विशिष्ट बातमीचा खरेखोटेपणा ठरेना, तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवून माणसाबद्दलच निकाल दिला गेला. शब्दाचा अर्थ वस्तूवरून माणसावर सरकतो, तो असा. मल्हाररावांना मद्रासला नेलं, तिथे १८८२ मध्ये ते वारले. २७ मे १८७५ ला कवळाण्याचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. पुढचं आपल्याला पाठ आहे.

या प्रकरणावर देशी वर्तमानपत्रांनी सरकारवर सडकून टीका केली. लॉर्ड लिटन यांनी १८७८ च्या मार्चमध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदा आणला, त्यामागच्या कारणांत ही टीकाही मोजली जाते. त्या कायद्याने मॅजिस्ट्रेट छापखानेवाल्याकडून जामीन रक्कम मागू शकत होता आणि त्यावर न्यायालयात अपील नव्हतं. इंग्रजी वर्तमानपत्रांना तो लागू नव्हता, म्हणून कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने आठवड्याभरात इंग्रजी अंगरखा चढवला. पण बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बातमी खोटी आहे का, हा प्रश्न त्या कायद्यात मुख्य नव्हताच. सरकारबद्दल अप्रीती वाढेल का, एवढंच पाहायचं होतं. कायदा १८८२ मध्ये रद्द झाला, पण ती पद्धत उरली.

दंडविधानातलं कलम ५०५ हे याचं उत्तम उदाहरण. १८६० च्या मूळ मसुद्यात शिक्षा होती ती ‘खोटं आहे हे माहीत असूनही’ अफवा किंवा वृत्त पसरवणाऱ्याला. खोटेपणा हवा, आणि तो माहीत असायला हवा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारतात, त्याचं तेल काढतात, अशा अफवांनी शहर हादरलं. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. तेल काढल्याची गोष्ट खोटी होती. पण रोग्याला जबरदस्तीने उचलून नेत होते, घरच्यांना भेटू देत नव्हते, आणि गेलेल्यांतले फार थोडे परत येत होते, हे खरं होतं. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि १८९८ मध्ये सरकारने कायदे कडक केले. तेव्हा कलम ५०५ मधली ‘खोटं आहे हे माहीत असून’ ही अट गेली. हेतू आणि परिणाम यांवर भर आला, आणि ‘मला ते खरं वाटलं होतं’ हा बचाव अपवाद म्हणून खाली गेला. म्हणजे कंडीचा कायदा आवईचा कायदा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५३ व्या क्रमांकावर आहे. त्यात आता ‘खोटी माहिती’ हे शब्द पुन्हा आले आहेत, पण ‘अफवा’ आणि ‘वृत्त’ यांच्या रांगेत, त्यांच्याऐवजी नाहीत.

इंग्रजीतला प्रवासही फार वेगळा नाही. इंग्लंडमध्ये १२७५ मध्येच ‘खोट्या बातम्या व कहाण्या’ पसरवण्याविरुद्ध कायदा झाला होता, आणि तो होता राजा व बड्या सरदारांच्या नावाला धक्का लागू नये म्हणून. सामान्य माणूस फसू नये म्हणून नव्हे. शतकानुशतकं शब्द ‘फॉल्स न्यूज’ असा होता. ‘फेक न्यूज’ हा जोडशब्द अमेरिकन वर्तमानपत्रांत १८९० च्या सुमारास दिसू लागतो, आणि तिथे त्याचा अर्थ साधा आहे: प्रतिस्पर्ध्याने छापलेली बनवलेली बातमी. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टीव्हीवरच्या विनोदी बातमीपत्रांना, जॉन स्टुअर्टच्या कार्यक्रमासारख्यांना, हेच नाव होतं. करणारेच हसत हसत स्वतःला ‘फेक’ म्हणवत. तेव्हा तो शब्द जवळजवळ लाडाचा होता!

२०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत तो बदलला. मॅसेडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या गावातली पोरं जाहिरातींच्या पैशांसाठी बनावट बातम्यांच्या वेबसाइट चालवत असल्याचं उघड झालं. राजकारणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, क्लिकला पैसे मिळत होते. हा अर्थ नेमका होता: बातमीसारखं दिसणारं, पैशांसाठी बनवलेलं खोटं. तो जेमतेम दोन महिने टिकला. ११ जानेवारी २०१७ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत सीएनएनच्या पत्रकाराला ‘तुम्ही फेक न्यूज आहात’ असं सुनावलं. व्याकरण बघा. ‘तुमची बातमी खोटी’ असं नाही, ‘तुम्ही’. १८७५ च्या जाहीरनाम्यात झालं तेच सरकणं, फक्त उलट बाजूने. तिथे सत्तेने राजाला हटवायला ते वापरलं, इथे सत्तेवर येणाऱ्याने विचारणाऱ्याला हटवायला. त्या वर्षी कॉलिन्स कोशाने ‘फेक न्यूज’ला वर्षाचा शब्द ठरवलं, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सरकारला सुचवलं की हा शब्दच सोडून द्या, याला धड अर्थ उरलेला नाही. अभ्यासकांनी मग तीन कप्पे केले: नकळत पसरलेली चूक, मुद्दाम बनवलेलं खोटं, आणि इजा करायला वापरलेलं खरं. मला हे वाचताना हसू आलं. आपल्या आज्या ‘आवई’, ‘कंडी’ आणि ‘चहाडी’ म्हणत होत्या.

हसू तिथेच संपतं. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी आली असं समजून जमावाने त्यांना ठार मारलं. पाचच दिवस आधी, २६ जूनला, अहमदाबादेत वाडज भागात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या एका बाईला त्याच संशयावरून मारून टाकलं होतं. त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटचा खुलासा कापून टाकला, एवढंच. म्हणजे चित्र खरं, हेतू चांगला, आणि कात्री चालवणारा हात एक. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

पण अफवा व्हॉट्सॲपमुळे जन्मली नाही. पुलाच्या पायात मूल पुरतात, ही अफवा इंग्रजांनी मोठे पूल बांधायला घेतले तेव्हापासूनची आहे, आणि बांधकामावर काम केलेल्या कुठल्याही इंजिनिअरने ती कधीतरी ऐकलेली असते. प्रत्येक वेळी संशय जातो तो फिरत्या माणसावर: गोसावी, डवरी, कैकाडी, अनोळखी मजूर. म्हणून राईनपाड्याला ‘फेक न्यूजचे बळी’ म्हणणं मला अपुरं वाटतं. बातमी खोटी होती, पण भटक्या माणसाबद्दलचा संशय आधीपासून तयार होता. बातमीने फक्त काडी लावली.

मग २०२० आलं, आणि शब्दाने आणखी एक वळण घेतलं. टाळेबंदी लागताच मजूर पायी निघाले. टाळेबंदी तीन महिने चालेल या खोट्या बातमीमुळे घबराट होऊन हे स्थलांतर झालं, हे सरकारचं म्हणणं ३१ मार्चच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवून मान्य केलं. जरा हिशेब करू. जाहीर झाले होते २१ दिवस. अफवेत होते ९०. देशव्यापी टाळेबंदी प्रत्यक्षात चालली २५ मार्च ते ३१ मे, म्हणजे ६८ दिवस. वास्तव दोन्हींच्या मधे पडलं, आणि अफवेच्या जास्त जवळ. हातात पगार नसलेल्या माणसाने कुठला आकडा धरून चालायला हवं होतं? त्याच एप्रिलच्या १४ तारखेला मुंबईत वांद्रे स्टेशनाबाहेर गावी जायला निघालेल्यांची गर्दी झाली. रेल्वेगाड्या सुटण्याच्या बातमीवरून एका मराठी वाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली, नंतर जामीन मिळाला. त्याच्या बातमीमागे रेल्वेचं एक अंतर्गत पत्र होतं. गाड्या सुटल्या नाहीत, म्हणून बातमी चुकीची ठरली. पण ती थाप होती का? कंडी होती का? अंतर्गत प्रस्ताव निर्णय म्हणून सांगितला गेला असेल तर ती घाईची चूक आहे, आणि तिला तसंच म्हटलं पाहिजे.

शब्द सैल झाला की उलटा तोटाही होतो. ३१ जुलै २०१९ च्या पावसात विश्वामित्री शहरात शिरली आणि तुंबलेल्या पाण्यात कुत्र्याच्या मागे आलेल्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला. मला पुण्यामुंबईहून फोन आले ते ‘काळजी घ्या’ असे नव्हते. ‘हे फेकच असणार ना?’ असे होते. व्हिडिओ खरा होता. विश्वामित्रीत मगरी आहेत, हे बडोद्यातल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण परगावच्या माणसाला विश्वास ठेवणं भोळेपणाचं वाटतं आता, आणि न ठेवणं हुशारीचं.

खोटं कोणी ठरवायचं, हा मल्हाररावांच्या आयोगापुढचा प्रश्न कायद्यात परत आलाच. २ एप्रिल २०१८ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ‘फेक न्यूज’ देणाऱ्या पत्रकाराची अधिस्वीकृती रोखण्याचं परिपत्रक काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कार्यालयाच्या सांगण्यावरून मागे घेतलं. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, हे सरकारनेच नेमलेला तथ्यतपासणी कक्ष ठरवणार होता. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं विरुद्ध पडली, एकास एक. बडोद्याच्या आयोगात सातवा माणूस नव्हता, इथे तिसरे न्यायाधीश होते. न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला. ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ या शब्दांची व्याख्याच नाही, ते संदिग्ध आहेत, हे त्यामागचं एक कारण होतं.

आता आपल्या मंडळापुरतं. दांडिया बाजार, रावपुरा, सलाटवाडा इथल्या जुन्या मराठी घरांत मल्हाररावांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, आणि गोत्री हे शहराबाहेरचं गाव होतं तेव्हाच्याही पुष्कळ आहेत. त्या आपण जमवतो आहोत. लिहून पाठवताना कृपया ‘हे खोटं असावं’ म्हणून काही गाळू नका. गोष्ट कोणी सांगितली, त्यांना कोणी सांगितली होती, अंदाजे कुठल्या साली आणि कुठल्या घरात, एवढं मात्र जरूर लिहा. सांगणाऱ्याने कुठला शब्द वापरला होता, वदंता, आवई, गप की आणखी काही, तोही जसाच्या तसा ठेवा. मल्हारराव आणि हिऱ्याची पूड या नोंदीपुढे ‘निकाल’ असा रकाना आहे, तिथे सध्या ‘३–३’ लिहिलं आहे.